भांड्यांवर नावं घालणाऱ्या काकांना

सा. न. वि. वि.

काका, तुम्हाला मी आठवणार नाही. गेल्या वर्षी ऐन लग्नसराईत जांभळी नाक्याजवळच्या भांड्यांच्या दुकानात तुमच्यापुढे 'सप्रेम भेट'च्या वाट्यांची चळत होती, आणि एक बाई स्टीलचं रुंद कडं आणि चार घड्या घातलेला कागद घेऊन मध्येच घुसली होती. ती मी.

कागद वाचून तुम्ही म्हणालात, "ताई, कड्यावर अख्खी लग्नपत्रिका मागताय."

2021 साली माझं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं, गॅस्ट्रिक बायपास. त्यात जठराच्या वरच्या टोकाची छोटीशी पिशवी करतात आणि तिला थेट लहान आतडं जोडतात. पिशवीत मावतं साधारण 30 मिली, म्हणजे खोकल्याच्या औषधाची दोन-तीन झाकणं. मामलेदारची मिसळ तेव्हापासून फक्त वासावर. बाहेरून मात्र यातलं काही दिसत नाही. पोटावर चार-पाच बारीक व्रण, बस्स. म्हणून सर्जन म्हणाले होते, अंगावर काहीतरी लिहिलेलं असू द्या. अनोळखी डॉक्टर नेहमीचं जठर समजून नाकातून नळी सरकवायचे आणि त्या पिशवीला नाहीतर जोडाला भोक पडायचं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी जोडाजवळ अल्सर होतो, तेही नको. मी आपल्या मनाने 'साखर देऊ नये' असंही लिहिलं होतं, कारण गोड खाल्लं की मला दरदरून घाम फुटतो. ती ओळ त्यांनीच खोडली. रक्तातली साखर खरंच उतरलेली असली आणि ही ओळ वाचून कोणी दिलीच नाही, तर काय कराल, म्हणाले.

आधी मी छापील अक्षरांचा एक पट्टा मागवला होता. चार महिन्यांत भांड्याच्या साबणाने तो कोरा झाला. म्हणून तुमच्याकडे आले.

आणि तुम्हाला सांगितलं, सगळं इंग्रजीत कोरा. बारीक अक्षरात, म्हणजे कोणाला वाचता येणार नाही.

तुम्ही मशीन बंद केलंत. "मग घालता कशाला?"

काका, मला राग आला होता. सासरी कोणालाच ऑपरेशनचं माहीत नव्हतं. चाळीस किलो उतरले ते चालण्याने आणि भाकरी सोडल्याने, असं मी सांगत होते. 'पैसे मोजून बारीक झाली' हे ऐकायची तयारी नव्हती. लेडीज डब्यात दांडी धरली की कडं नेमकं समोरच्या बाईच्या नाकापुढे येणार. एवढं सगळं तुम्हाला काय सांगणार? तुम्हीही विचारलं नाहीत. एवढंच म्हणालात, "डॉक्टर मागाहून येणार. आधी हात धरणार तो शेजारचा माणूस."

मग अर्ध्या भागावर मराठी, अर्ध्यावर इंग्रजी ठरलं. कडं गोल, मशीनखाली सारखं घसरायचं. तुम्ही दुकानातलंच एक लाटणं उचललंत, त्यावर फडकं गुंडाळून कडं घट्ट बसवलंत आणि पोऱ्याला दोन्ही टोकं धरायला लावलीत. टर्रर्र करत ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं उमटत गेली: 'पोटाचं बायपास ऑपरेशन. नाकातून नळी अंदाजाने घालू नये.' रक्तगटाला तुम्ही कात्री लावलीत. तो दवाखान्यात तपासतातच, म्हणालात, आणि ते खरंच आहे. शेवटी नवऱ्याचा नंबर घातलात आणि मला मोबाईलमधून नव्हे, कड्यावरून वाचून फोन लावायला सांगितलंत. पलीकडून हे वैतागून म्हणाले, "आता काय विसरलीस?" तेव्हा कुठे तुम्ही पैसे घेतलेत, तेही फक्त अक्षरांचे. "नंबरचे नाही घेत," म्हणालात.

या आषाढात दोन दिवस पोटात कळा आणि उलट्या चालू होत्या. अंगावर काढलं (चूक माझीच) आणि ठाणे स्टेशनच्या जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी आली. नंतरचं ऐकीव आहे. कॉलेजातल्या एका मुलीने कडं फिरवून मोठ्याने वाचलं, यांना फोन लावला, आणि 108च्या गाडीत बसवून देताना तिथल्या डॉक्टरांनाही हात दाखवला. कॅज्युअल्टीत नाकातली नळी तयार होती. सिस्टरने इंग्रजी बाजू वाचली आणि हात आखडला. माझ्या सर्जनना फोन गेला. त्यांनी ग्लुकोजच्या सलाइनआधी बी-1 जीवनसत्त्वाचं इंजेक्शन द्यायला सांगितलं, कारण इतक्या उलट्यांनंतर ते कमी पडलेलं असतं आणि त्यात नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला धोका. मग सीटी स्कॅन. आतली चरबी झडली की बायपासच्या वेळी राहिलेल्या फटी मोठ्या होतात. तसल्याच एका फटीत आतडं अडकलं होतं. त्याच रात्री दुर्बिणीतून सोडवलं.

सासूबाई दवाखान्यात आल्या तेव्हा कडं उशाशी होतं. त्यांनी चष्मा लावून अख्खं वाचलं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "अक्षर छान आहे गं." बाकी काही नाही. त्या मुलीचे आभार यांनी फोनवर मानले. तुमचा नंबर मात्र आमच्याकडे नाही, म्हणून हे असं जाहीर पत्र. पोऱ्या मोबाईलवर वाचून दाखवेल अशी आशा आहे.

श्रावण लागला की येते. 'नळी'तला ळ जरा पुसट झालाय, आणि यांनी नंबर बदललाय. या वेळी नंबरचेही पैसे घ्यायचे.

कळावे,
लाटण्यावरच्या कड्याची ताई
नौपाडा, ठाणे