२३ जूनची शेकोटी, येणाऱ्यांनी आधी हे वाचा

मंडळी, २३ जूनला सेंट जॉन्स ईव्ह, म्हणजे संत जॉनच्या सणाची आदली रात्र, आपल्या गॉलवेकडे (आयर्लंडच्या पश्चिमेला) बॉनफायर नाइटच म्हणतात, आणि यंदा गावातल्यांनी आपल्या ग्रुपलाही बोलावलंय. आग सूर्य मावळल्यावरच पेटवायची असते आणि इथे जूनमध्ये तो दहा वाजून गेल्याशिवाय काही मावळत नाही, त्यामुळे साडेनऊपर्यंत कम्युनिटी हॉलमागच्या मैदानात या, पोरांना दुपारी झोपवून आणा.

- जळणाला फक्त सुकं लाकूड नाहीतर टर्फ (दलदलीतून कापून सुकवलेली, जळणाला वापरतात ती माती). टायर, गाद्या, रंगवलेलं फर्निचर अजिबात नको, कचरा जाळणं बेकायदा आहे.
- नायलॉनचे कपडे, लोंबत्या ओढण्या घरी ठेवा. जॅकेट हवंच.
- निखाऱ्यांवरून उडी मारायची जुनी प्रथा आहे, पण पोरांनी नाही, आणि बाबालोकांनीही हिरोगिरी करू नये प्लीज.
- बटाटे आणा, राखेत भाजू. तिखट-मीठ आम्ही आणतो.

शेजारचे आजी-आजोबा लहानपणीचं सांगणारेत, त्यांना बोलू द्या, मध्येच रील काढत बसू नका. तेव्हा पोरं आधीचे कितीतरी दिवस दारोदार टर्फ मागत फिरायची, अगदी आपल्याकडे होळीच्या गोवऱ्या गोळा करतात तशी, आणि मग पीक चांगलं यावं म्हणून निखारे शेतात नेऊन टाकायचे, गुरंसुद्धा आगीजवळून न्यायचे.

गोवेकरांनो, तुमचा विहिरीत उड्या मारायचा सांजांवचा सण याच संताचा, फक्त उडी मारायला इथे विहीर नाही!

नावं २० तारखेपर्यंत ग्रुपवर टाका. पाऊस पडला म्हणून घरी बसू नका, कॅन्सलचा मेसेज आला तरच कॅन्सल.