मालक, आता बसू का घरी? : केंद्रीय श्रममंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. श्रम व रोजगार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : पेन्शन किती मिळणार, हे काम सोडण्याआधी कळावे याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत, टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्यात मी हिशेब लिहितो. पगारपत्रक, पीएफचा भरणा, ग्रॅच्युइटी, सगळे कागद माझ्याच टेबलावरून जातात. त्यामुळे पन्नाशी ओलांडलेला कामगार कधी ना कधी टेबलाशी येऊन विचारतोच, "मालक, आता बसू का घरी?" (सोलापुरात कारकूनही मालकच असतो, गैरसमज नसावा.) ग्रॅच्युइटीचा आकडा मी त्याला उभ्या उभ्या काढून देतो. शेवटचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. पीएफची शिल्लक पासबुकात दिसते. अडतं ते पेन्शनपाशी.

१९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत पेन्शनचं वय ५८ आहे. शेडमध्ये शरीर त्याच्या बरंच आधी थकतं. दिवसभर मागांचा खडखडाट, वर तापलेला पत्रा, एप्रिल-मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन, नाकातोंडात कापसाची धूळ. तुटलेला धागा नजरेला पटकन दिसेनासा झाला की माणूस मागावरून उतरतो. मग घड्या घालणं, गाठी बांधणं, नाहीतर गेटवर बसणं. काम हलकं, तसा पगारही हलका. आणि आपलं पेन्शन ठरतं शेवटच्या ६० महिन्यांच्या सरासरी पगारावर! २०१४ पर्यंत ही सरासरी १२ महिन्यांची होती. म्हणजे ऐन भरात चांगला कमावलेला विणकर उतारवयात गेटवर बसला, तर त्याचं पेन्शन गेटवरच्या पगारावर निघतं. पोटासाठी आणखी चार वर्षं काम केल्याची ही शिक्षाच म्हणायची.

बरं, पगार चांगला असला तरी पेन्शनचा आकडा केवढा? पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. पगार कितीही असो, धरायचा १५,००० पर्यंतच. त्यावर पूर्ण ३५ वर्षं भरली, तर साडेसात हजार. वीस वर्षं पूर्ण करणाऱ्याला दोन वर्षं वाढवून मिळतात. ती धरली तरी आठ हजारांना टेकत नाही. आणि सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या सेवेला मर्यादा ६,५०० चीच, म्हणून आज निवृत्त होणाऱ्याच्या हाती एवढंही पडत नाही. एकदा ठरलेलं पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही, ते वेगळंच.

सगळ्यात खाली किमान पेन्शन : महिना १,००० रुपये, २०१४ पासून तेवढंच. सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी विड्या वळणाऱ्या बायकांना विचारा, हजार रुपयांत महिन्याचं काय काय येतं. राज्याच्या श्रावणबाळ योजनेत निराधार वृद्धांना १,५०० रुपये मिळतात. ते मिळायलाच हवेत, त्यावर माझी कुरकुर नाही. पण वर्षानुवर्षं पीएफ कापून घेतलेल्या बाईच्या हाती त्याहून कमी पडावं, याचं उत्तर मला तिला देता येत नाही. आपण देऊन पाहा. किमान पेन्शन वाढवा आणि ते महागाईशी जोडा, ही मागणी देशभरातले पेन्शनर वर्षानुवर्षं करत आहेत. माझीही सही त्यात धरा.

माझी स्वतःची मागणी मात्र दुसरी आहे आणि तिला फारसा पैसा लागत नाही.

आमचा कामगार एका कारखान्यात जन्म काढत नाही. इथे पाच वर्षं, तिथे सात, मधे कारखाना बंद, मधे मुलीच्या लग्नासाठी पीएफ काढलेला. पीएफबरोबर पेन्शनचे पैसेही उचलले, तर ती सेवा पेन्शनच्या हिशेबातून गेली, हे त्याला तेव्हा कुणी सांगितलेलं नसतं. पेन्शनसाठी किमान दहा वर्षं सेवेची अट असते, आणि आपली भरली की नाही हेच त्याला ठाऊक नसतं. पासबुकात पेन्शनच्या रकान्यात जमा रक्कम दिसते. ती आपलीच शिल्लक आहे असं त्याला वाटतं. पेन्शनचा त्या रकमेशी थेट संबंध नाही, हे समजावताना माझी दमछाक होते. पीएफ कार्यालयाच्या संकेतस्थळावर पेन्शनचा कॅल्क्युलेटर आहे म्हणे, पण त्यात भरायच्या तारखाच हाताशी नसतात.

पन्नाशीनंतर पेन्शन लवकरही घेता येतं, पण आधीच्या दर वर्षामागे ४ टक्के कायमचे कापले जातात. उलट ६० पर्यंत थांबलं, तर वर्षाला ४ टक्के वाढतात. म्हणजे कधी थांबायचं हा निर्णय आपण कामगारावरच सोपवलाय. चांगलं आहे. मग तो घ्यायला लागणारे आकडेही त्याच्या हातात द्या.

वयाची पन्नाशी झालेल्या प्रत्येक सभासदाला वर्षातून एकदा घरच्या पत्त्यावर एक कागद पाठवा. तुमची सेवा इतकी वर्षं, अमुक काळाची नोंद सापडत नाही, आज थांबलात तर इतके, ५८ ला इतके, ६० ला इतके. मराठीत पाठवा, आमच्या पूर्व भागात तेलुगू लागेल, अक्कलकोटकडच्यांना कन्नड. नोंदीतलं भगदाड पन्नाशीत कळलं, तर जुना मालक, जुनी हजेरी शोधता येते. अठ्ठावन्नाव्या वर्षी कारखाना पाडून तिथे गाळे झालेले असतात.

आणि त्याच कागदाच्या तळाशी आणखी एक ओळ छापा : पाच वर्षं कामगार विमा (ईएसआय) भरून निवृत्त होणाऱ्याला वर्षाला १२० रुपयांत नवरा-बायकोचे उपचार चालू ठेवता येतात. आमच्या शहरात कामगार विमा रुग्णालय आहे, पण ही सोय मी सांगेपर्यंत अनेकांना माहीत नसते.

आपला,
टॉवेल कारखान्यातला एक हिशेबनीस,
सोलापूर