विषय : सोसायटीच्या बोअरचे पाणी आणि प्लॉट क्र. 11 चा शोषखड्डा

मा. अध्यक्षसाहेब,
स.न.वि.वि.

मी कटकट्या माणूस नाही, ले-आउटमध्ये कोणालाही विचारा. पण पहिल्या पावसानंतर नळाला गढूळ पाणी आलं तेव्हापासून अर्ज देतो आहे आणि सचिव "पाहू ना भाऊ" म्हणून मोकळे होतात.

शोषखड्डा आणि बोअर यांत निदान पन्नास फूट अंतर ठेवावं म्हणतात. प्लॉट 11 च्या गृहस्थांनी तो वीस फुटांवर खोदला. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, खाली तडकलेला खडक. घाण गाळली न जाता सरळ खाली उतरते. बोअरच्या तोंडाचा केसिंग पाइप ओट्याच्या वर न ठेवता बरोबरीनं कापलाय, ओट्याला बोटभर तडा आहे आणि त्यांच्या म्हशी धुतल्याचं पाणी तिथंच मुरतं. एकदा स्वतः येऊन पाहा. त्यांच्या बकऱ्यांनी माझी मेथी फस्त केली, ते मी कधी काढलंसुद्धा नाही.

ग्रामपंचायतीच्या विहिरीची पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी होते, धोका किती त्याप्रमाणे लाल-पिवळं-हिरवं कार्ड मिळतं. ग्रामपंचायतीचं पाणी पाहणाऱ्या जलसुरक्षकाला आपल्या बोअरचं विचारलं तर म्हणतो, "ते तुमचं खाजगी." म्हणजे राहिली कोण? समितीच ना!

सचिवांचा सल्ला : उकळून प्या. जंतू मरतील हो, पण नायट्रेट, फ्लोराइड उकळून जात नाही. पाणी आटलं की प्रमाण उलट वाढतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक 10500 प्रमाणे लिटरला नायट्रेट 45 आणि फ्लोराइड फार तर 1.5 मिलिग्रॅम चालतं. आपलं किती, कोणालाच ठाऊक नाही. नळाला 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. इथं टाकीत ब्लिचिंग कोण टाकतो, कधी टाकतो, याची साधी वही नाही.

सगळे शेजारी माझ्याच मताचे आहेत. सही करायला बिचकतात, कारण प्लॉट 11 चा ट्रॅक्टर पेरणीला सगळ्यांनाच लागतो. माझा मेंटेनन्स थकल्याचा मुद्दा मागच्या सभेत निघाला. त्याचा पाण्याशी काय संबंध, ते मला अजून कळलं नाही.

तरी पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाठवून रिपोर्ट फलकावर लावावा. शोषखड्डा हलवावा. आणि तोवर समितीच्या बैठकीला येणारा वीस लिटरचा कॅन बंद करून समितीच्या सभासदांनाही टाकीचंच पाणी द्यावं.

आपला,
प्लॉट क्र. 12