जीपखालचे व्युत्क्रम कोन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या डोंगराकडच्या गावांत जीप आणि पिकअप मागून उंच करून घेण्याची सध्या चढाओढ लागली आहे. शॅकल (पाट्याचे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगचे, मागचे टोक चॅसीला जोडणारी पट्टी) लांब टाकली की गाडी दोन इंच उठते, पोट दगडाला घासत नाही. मीही माझ्या जुन्या जीपला टाकून घेतली. आठवडा गेला नाही तोच पंचावन्नच्या पुढे गाडी अशी थरथरू लागली, की आरशात मागच्या ट्रकचा नुसता रंग दिसायचा.

गॅरेजवाल्याने चाके बॅलन्स केली. मग प्रोपेलर शाफ्टच्या दोन टोकांचे सांधे, म्हणजे दोन्ही क्रॉस, बदलले. मग तो शाफ्टच (गिअरबॉक्सची फिरकी मागच्या एक्सलला नेणारा दांडा) लेथवर पाठवला. साडेसात हजार गेले. उतारावर न्यूट्रल केली तर थरथर थोडी कमी व्हायची, पण जायची नाही. म्हणजे दोष इंजिनात नव्हता.

शेवटी फळ्यावरचा लाकडी कोनमापक काढला (निवृत्तीला शाळेनेच दिलेला आहे), दोऱ्याला नट बांधून ओळंबा केला आणि गाडीखाली शिरलो. गाडी चाकांवरच उभी हवी. जॅकवर एक्सल लोंबकळला की मोजमाप खोटे. गिअरबॉक्सचा उतार ४ अंश, शाफ्टचा १२, पिनियनचा (एक्सलमधून शाफ्टकडे नाकासारखा पुढे आलेला दांडा) ७. म्हणजे पुढच्या क्रॉसवर ८ अंश आणि मागच्यावर ५.

आठवीत तीस वर्षे हेच शिकवले. गिअरबॉक्स आणि पिनियन या समांतर रेषा, शाफ्ट ही छेदिका, व्युत्क्रम कोन समान. क्रॉस कोनात फिरतो तेव्हा पलीकडची बाजू एका फेऱ्यात दोनदा पुढे धावते, दोनदा मागे रेंगाळते. ८ अंशांना हा फरक सुमारे एक टक्का. दुसऱ्या क्रॉसवर तेवढाच कोन असेल, तर तो ही चूक पुसून टाकतो. नसेल तर मिनिटाला १८०० फेऱ्यांना सेकंदाला साठ धक्के बसतात. लांब शॅकलने पिनियनचे नाक वर उचलले होते आणि समांतर रेषा बिघडल्या होत्या. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे क्रॉस धरणारे कान एका रेषेत आहेत का, तेही पाहिले. होते.

पाटा आणि एक्सलमध्ये ४ अंशांची लोखंडी पाचर बसवायची ठरली. पिनियन ४ वर नव्हे, ३ वर आणायचे, कारण ॲक्सिलरेटर दाबला की पाटा पिळतो आणि नाक पुन्हा वर येते. मिस्त्रीने पाचर उलटी ठोकली. पिनियन ११ वर गेले आणि जीपमध्ये बसवेना. फिरवून बसवली, तेव्हा थरथर गेली.

गाडी उंच करून देणाऱ्याने हे तिन्ही अंश, आधीचे आणि नंतरचे, बिलावर लिहून द्यावेत, एवढीच मागणी आहे. कोनमापक नसेल तर माझा न्यावा.

– एक निवृत्त गणित शिक्षक, पाटण (जि. सातारा)