बाई, तुम्ही खुर्ची घेऊन आलात त्याबद्दल

आदरणीय बाई,

प्रभू येशूत सप्रेम नमस्कार.

हे पत्र हाती पडलं की तुम्ही आधी लाल पेन शोधाल, हे मला ठाऊक आहे. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका सापडतील तेवढ्या काढा, पण 'पुरे झालं कौतुक' म्हणून पत्र मध्येच बाजूला ठेवू नका. तुमच्या घरी येऊन आभार मानायचं मी आठ वर्षं ठरवतोय. दर वेळी तुम्ही चहा ठेवता, आईची चौकशी करता, मग केळीवरच्या रोगाचा विषय निघतो आणि मी तसाच परत येतो.

चारचौघांत लिहायला आणखी एक कारण आहे. यंदा आपल्या आळीत दोघांच्या बावखलांवर दलालांची नजर आहे. त्यांतला एक माझ्या वर्गातला, म्हणजे तुमचाच विद्यार्थी. तो माझ्याशी बोलत नाही, पण मोबाइलवर आलेलं सगळं वाचतो.

वसईबाहेरच्यांना बावखल म्हणजे काय ते सांगायला हवं. वाडीच्या कडेला खणलेलं छोटं तळं. विहिरीसारखं बांधीव नाही, तलावाएवढं मोठं नाही. पावसाचं पाणी त्यात उतरतं, सावकाश जिरतं आणि आसपासच्या विहिरी गोड्या ठेवतं. आपल्या पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा. जमिनीखाली खारं पाणी कायम दबा धरून बसलेलं. वरून गोड्या पाण्याचा भार आहे तोवर ते दबून राहतं, भार कमी झाला की वर सरकतं. आमच्या आजोबांना हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यांच्या काळी रहाट होते, पानवेली होत्या, म्हशी होत्या आणि वाडीवाडीला बावखल होतं. मग इमारती आल्या, विहिरींचं पाणी टँकरने विकलं जाऊ लागलं, आणि ज्यांनी विहिरी भरायच्या ती बावखलंच राबिट, म्हणजे बांधकामाचा राडारोडा, टाकून बुजवली गेली.

आमचं बुजवायला मीच काढलं होतं.

२०१६ च्या ऑक्टोबरात बाबा गेले. दवाखान्याची बिलं भागवायला हातउसने घेतलेले पैसे डोक्यावर होते. दलाल म्हणाला, जमीन सपाट दिसली की भाव चढतो, राबिट आम्हीच आणून टाकतो, तुम्हाला एक पैसा खर्च नाही. मी हो म्हटलं. पुढच्या एप्रिलात, ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या सोमवारी डंपर यायला लागले. आदल्या दिवशी झावळी हातात धरून मी मिरवणुकीत 'होसान्ना' म्हणत चाललो होतो. त्याचं मला त्या वेळी काहीही वाटलं नाही, हेही लिहून ठेवतो.

सहा डंपर रिकामे झाले. सातवा मागे घेत होता तेव्हा तुम्ही आलात. एका हातात पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची, दुसऱ्या हातात पेजेचा डबा. भेंडीच्या झाडाखाली, अगदी काठावर, खुर्ची मांडून बसलात. डंपरवाल्याने हॉर्न वाजवला. तुम्ही चष्मा पुसलात आणि त्याला म्हणालात, "बाबा, हा माझा विद्यार्थी आहे. त्याचं गणित चुकतंय. जरा थांब, तेवढं सोडवून घेते."

तो हसला, इंजिन बंद करून खाली उतरला. तुम्ही त्याला पाणी दिलंत. तो लातूरकडचा होता. पाणी पिऊन तांब्या खाली ठेवत म्हणाला, "गेल्या साली आमच्याकडं रेल्वेनं पाणी आणलं, आजी. आन् हितं तुम्ही बुजवायलाव." २०१६ ची ती मिरजेहून लातूरला गेलेली पाण्याची गाडी मी टीव्हीवर पाहिली होती, हळहळलोही होतो.

मग मी तुमच्यावर ओरडलो. काय बोललो ते इथे लिहीत नाही. डंपरवाल्यानेसुद्धा मान खाली घातली होती. त्याबद्दल मी आजवर माफी मागितलेली नाही. आज मागतो.

तुम्ही उत्तर दिलं नाहीत. पिशवीतून चर्चच्या कॅलेंडरचं फाडलेलं पान काढलंत आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने चित्र काढायला बसलात. मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. चित्रात आमचंच बावखल होतं, पण भरलेलं. चार रुंद पायऱ्या. काठावर करंज. पाण्यावर वाकलेल्या फांदीवर एक खंड्या, त्याची चोच अंगापेक्षा मोठी झालेली (चित्रकला हा तुमचा विषय कधीच नव्हता). पायरीवर एक मुलगी पाय सोडून बसलेली. मी विचारलं, ही कोण? तुम्ही म्हणालात, "तुझी नात असेल. मला काय माहीत?" तेव्हा माझं लग्नही झालेलं नव्हतं.

मला पश्चात्ताप वगैरे काही झाला नाही. लातूरवाला भरलेला डंपर घेऊन निघून गेला, म्हणून त्या दिवशीचं काम थांबलं, एवढंच. खरी गोष्ट पुढच्या आठवड्यात झाली. ईस्टरनंतर तुम्ही मला वही घेऊन बोलावलंत. दोन संध्याकाळी ज्यांचे पैसे द्यायचे त्यांची यादी केली, कुणाला किती, कुणाला आधी, कुणाला थांबायला सांगायचं. मग माझ्याबरोबर पतपेढीत आलात आणि माझ्या कर्जाला जामीन राहिलात. पेन्शनवर घर चालवणारी बाई, आठ दिवसांपूर्वी तिच्यावर ओरडलेल्या माणसाला जामीन. तिथल्या कारकुनाने तुम्हाला दोनदा विचारलं, "बाई, विचार केलाय ना?"

परतताना रिक्षात तुम्ही यिर्मयाची गोष्ट काढलीत. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या तयारीत ती आम्हाला कुणी सांगितली नव्हती. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला, यिर्मया स्वतः पहाऱ्यात कोंडलेला, आणि चुलतभाऊ येऊन म्हणतो, माझं अनाथोथचं शेत विकत घे. शत्रूच्या छावणीतलं शेत! यिर्मया सतरा शेकेल चांदी तोलून देतो, साक्षीदारांसमोर सही करतो आणि खरेदीखत पुष्कळ दिवस टिकावं म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला लावतो. "त्याने शेत आहे तसं बघून नाही घेतलं रे," तुम्ही म्हणालात, "वेढा उठल्यावर तिथं काय पिकेल ते बघून घेतलं." रिक्षावाल्याने आरशातून मागे पाहिलं. त्याला बहुधा वाटलं, आम्ही प्लॉटबद्दलच बोलतोय.

श्रद्धा, आशा, प्रीती हे तीन शब्द मी लहानपणापासून एका दमात म्हणत आलो. श्रद्धा म्हणजे रविवारची मिस्सा, प्रीती म्हणजे गरिबाला काहीतरी देणं, असा माझा हिशेब होता. आशेचा अर्थ मी 'होईल सगळं नीट' इतकाच धरला होता. आशेसाठी वही, पेन्सिल आणि जामीनदाराची सही लागते, हे मला त्या रिक्षात कळायला लागलं.

धाडसाचंही तसंच. फेब्रुवारीत संत गोन्सालो गार्सियांचा सण आला की आम्हा मुलांना नागासाकीची गोष्ट ऐकून घाम फुटायचा. वसईत जन्मलेला माणूस, १५९७ मध्ये जपानात पंचवीस जणांबरोबर क्रुसावर चढवला गेला, वर भाल्याने भोसकला. १८६२ मध्ये संत झाला, भारतातला पहिला. मी एकदा वर्गात उठून विचारलं होतं, "बाई, आपल्यालाही मारतील का?" तुम्ही म्हणालात, "आधी शेजाऱ्याशी बोलायला शीक. गोन्सालो व्यापारी होता, मग दुभाषा झाला. त्याला जपानी लोकांशी त्यांच्या भाषेत बोलता यायचं. भाला नंतर आला." डंपरवाल्याशी तुम्ही ज्या सुरात बोललात तो ऐकताना मला हे आठवायला हवं होतं. नाही आठवलं.

जुलै २०१८. वसईत पाणी भरलं, वसई-विरारची लोकल बंद पडली, वीज गेली. आमच्या घरात गुडघाभर पाणी. ज्या उतारावरून ते बावखलात जायचं तिथे माझे सहा डंपर बसले होते, त्यामुळे ते थेट ओटीवर आलं. तुमची विहीरही गढूळ झाली. तुम्ही शेजारच्या पोरांकडून केळीच्या खांबांचा तराफा करवून घेतलात आणि आईला त्यावर बसवून आपल्या घरी नेलंत. तीन रात्री ती तुमच्या खाटेवर झोपली आणि तुम्ही जमिनीवर, हे आईने नंतर सांगितलं. 'मी सांगत होते' हे वाक्य तुमच्या तोंडून येईल म्हणून मी तीन दिवस वाट पाहिली. चौथ्या दिवशी मी चिखल उपसत असताना तुम्ही एवढंच विचारलंत, "सहा टाकलेस. किती परत काढायचे?"

पुढच्या मे महिन्यात काढले. जेसीबीचे साडेनऊ हजार झाले, उरलेलं काम हातांनी. राबिट वाडीच्या पायवाटेखाली घातलं. युवकांच्या गटातली पोरं दोन रविवार आली, तिसऱ्या रविवारी क्रिकेटचा सामना होता. सगळ्यात जास्त फावडं मारलं ते पलीकडच्या आळीतल्या गणपतीवाल्या कुटुंबाने. त्यांचा दीड दिवसांचा शाडूचा गणपती पूर्वी आमच्याच बावखलात विसर्जित व्हायचा, बुजवायला काढल्यापासून त्यांना लांब जावं लागत होतं, आणि माझ्याकडे तक्रार त्यांनी एकदाही केली नव्हती. पायऱ्या रुंद ठेवा, दोघांना मूर्ती धरून उतरता आलं पाहिजे, हा तुमचा आग्रह. चित्रातल्या पायऱ्या रुंद का होत्या ते मला तेव्हा समजलं.

त्याच वर्षी एका बैठकीत सणाच्या दिवशी गाड्या लावायला एक डबकं भरून घ्यायचा विषय निघाला होता. सगळे माना डोलवत होते, मीही. तुम्ही उभ्या राहिलात. कुणीतरी म्हणालं, "बाई, तुम्ही शाळेतच बऱ्या बोलता." तुम्ही म्हणालात, "मग शाळाच समजा, आणि खाली बसा." फादर फ्रान्सिस दिब्रिटोंबरोबर वसईची हिरवाई वाचवायला निघालेल्या हरित वसईच्या मोर्चात चाललेली बाई एका खोलीतल्या वीस माणसांना काय भिणार, असं लोक म्हणाले. मी तुमच्या शेजारी होतो, बाई. तुमचे गुडघे थरथरत होते आणि तुम्ही खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. मोर्चाबद्दल विचारलं तर तुम्ही नेहमी एकच सांगता: "पुढे कोण होतं ते सगळ्यांना आठवतं. पाण्याचे हंडे कुणी वाहिले ते मला विचार." ते डबकं अजून आहे. गाड्या रस्त्यावर लागतात आणि दर सणाला त्यावरून भांडण होतं.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं. सकाळी वाडीत गेलो तर घडांसकट केळी आडव्या, मोजायलाही मन होईना. दुपारी तुम्ही आलात. तुमची स्वतःची राजेळी केळ झोपली होती, सुकेळी म्हणजे सुकवलेली केळी करायला त्या वर्षी एक घड उरला नव्हता, आणि तुमच्या पाटीत केळीचे पंधरा मुनवे, म्हणजे लावायचे कोंब, होते. "धर, लाव." मी म्हटलं, पाऊस तर पडू दे. "खड्डे तरी खण," म्हणालात. पाटी डोक्यावरून उतरवताना तुम्ही जराशा कण्हलात आणि मी ऐकलं नसल्यासारखं केलं, कारण तुम्हाला ते आवडलं नसतं.

आता हिशेब देतो, विद्यार्थ्याने द्यावा तसा. पतपेढीचं कर्ज गेल्या वर्षी फिटलं, तुमची सही मोकळी झाली. वाडी विकलेली नाही. पूर्वी एप्रिल लागला की आमच्या विहिरीच्या खारट झालेल्या पाण्यात चहा फुटायचा, गेली तीन वर्षं मे अखेरपर्यंत फुटत नाही. डास वाढले म्हणून शेजाऱ्यांनी बोल लावले, मग गप्पी मासे आणून सोडले. करंज लावला होता, त्याला शेळीने दोनदा खाल्लं, तिसरा जगलाय. पायरीवर बसायला अजून नात नाही, पण मुलगी आहे, चार वर्षांची, आणि तिला पाण्यापासून लांब ठेवणं हे सध्या आमच्या घरातलं मुख्य काम आहे.

खंड्या मात्र आलेला नाही. बगळे येतात, पाणकोंबडी येते, एकदा घोरपड आली होती. कॅलेंडरचं पान मी प्लॅस्टिकमध्ये घालून कपाटात ठेवलंय. पोरगी ते मागते आणि त्या मोठ्या चोचीला कावळा म्हणते.

तुमचा गुडघा आता इतकं चालू देत नाही, हे आईकडून कळलं. पावसाळा सरला की पहिल्याच रविवारी मिस्सेनंतर मी रिक्षा घेऊन येतो. खुर्ची आणू नका. ती पांढरी खुर्ची त्या सोमवारी तुम्ही इथेच विसरला होतात. भेंडीखाली आहे, एक पाय जरा हलतो, खाली वीट लावली आहे.

तुमचा विद्यार्थी
(मागच्या बाकावरचा)