सांधेदुखीचे संशोधन विदर्भाच्या वावरातही व्हावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१२ ऑक्टोबरच्या जागतिक संधिवात दिनानिमित्त ठिकठिकाणी जे लेख आले, त्यांत गुडघे सांभाळण्यासाठी उकिडवे बसू नका, जमिनीवर मांडी घालू नका, वजन आटोक्यात ठेवा आणि रोज चाला, असा सल्ला बहुतेकांनी दिला आहे. सल्ला चुकीचा नाही. परंतु हे लेख ज्या दिवसांत छापले जातात, नेमक्या त्याच दिवसांत यवतमाळ, वाशीम, अमरावतीकडच्या बाया सोयाबीनच्या सोंगणीला कंबरेत वाकून राबत असतात. त्याआधी निंदणाच्या हंगामात त्यांनी कित्येक दिवस खुरपे घेऊन उकिडव्यानेच तासामागून तास काढलेले असतात, आणि भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे रोवणीचे दिवस चिखलात ओणवे राहून गेलेले असतात. उकिडवे बसू नका, हे त्यांना सांगणे म्हणजे मजुरीला जाऊ नका असे सांगणे होय. आरोग्य सहायिका म्हणून नोकरीची सारी वर्षे मी याच भागात काढली. टोंगळे (गुडघे) धरले, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या चाळिशीतल्या बाईला देण्यासारखे आमच्या हाती वेदनाशामक गोळीपलीकडे फारसे काही नसे.

कामाचा आणि गुडघ्याचा संबंध हे केवळ अनुभवाचे बोल नव्हेत. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील दीर्घ अभ्यासातून १९९१ साली असे दिसून आले, की ज्या पुरुषांच्या कामात गुडघे सतत वाकवावे लागत आणि अंगमेहनतही होती, त्यांच्यात पुढे गुडघ्याची झीज होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे दुप्पट होती. बीजिंगमध्ये संशोधकांनी वृद्धांना, पंचविशीत तुम्ही रोज किती वेळ उकिडवे बसत होतात, असे विचारले आणि त्यांच्या गुडघ्यांचे एक्स-रे तपासले. जास्त वेळ बसणाऱ्यांत झीजही जास्त होती, असा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. त्याच शहरातील पाहणीत स्त्रियांच्या गुडघ्याची झीज अमेरिकेतील गोऱ्या स्त्रियांपेक्षा अधिक, तर खुब्याची झीज मात्र कितीतरी कमी आढळली. एका मुलुखात मोजलेले दुसऱ्या मुलुखाला जसेच्या तसे लागू पडत नाही, हे यावरून स्पष्ट आहे. मग कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातील गुडघ्यांविषयी आपण बाहेरच्या आकड्यांवर का विसंबून राहावे?

महाराष्ट्राला ही वाट नवी नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावात संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ साली, जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने आखलेल्या पद्धतीनुसार, घरोघरी जाऊन सांध्यांच्या आजारांची पाहणी केली आणि या दुखण्यांचा ग्रामीण भागातील भार पहिल्यांदा नीट मोजला गेला. आपल्या गडचिरोलीतील 'सर्च' संस्थेनेही खेड्यांतील कंबरदुखी व गुडघेदुखीवर काम केले आहे. याच संस्थेचे नवजात बालकांच्या घरच्या घरी केलेल्या देखभालीचे संशोधन १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि पुढे आशाताईंच्या गृहभेटींच्या रूपाने देशभर पोहोचले. विदर्भातल्या खेड्यात केलेले संशोधन देशाचे धोरण बदलू शकते, याचा याहून भक्कम पुरावा शोधण्याची गरज नाही.

प्रश्न काय विचारायचे, याबाबत मला थोडे सविस्तर मांडायचे आहे. मांडीचे स्नायू बळकट करणाऱ्या व्यायामाने गुडघ्याचे दुखणे कमी होते, हे अनेक चाचण्यांतून सिद्ध झाले आहे. परंतु दिवसभर वावरात राबून, घरी येऊन चूल पेटवणाऱ्या बाईला तो व्यायाम केव्हा आणि कितपत जमतो, हे तिच्याच गावात तपासले पाहिजे. लांब दांड्याचे, उभ्याने चालवायचे कोळपे वापरणाऱ्या आणि खुरप्याने निंदणाऱ्या बायांच्या गुडघ्यांत पाच-सात वर्षांनी काय फरक पडतो, हे पाहता येईल. त्यात अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची मदत घेता येईल, कारण अवजार कसे असावे हा प्रश्न डॉक्टरांइतकाच त्यांचाही आहे. काय करू नये, हे सांगणे हेही संशोधनाचे काम असते. झिजलेला गुडघा दुर्बिणीने धुऊन साफ करण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेत १८० रुग्णांवर पडताळली गेली. त्यांतील काहींच्या केवळ कातडीवर छेद देण्यात आला होता, तरी दोन वर्षांत त्यांच्या आणि खरी शस्त्रक्रिया झालेल्यांच्या दुखण्यात फरक आढळला नाही, असे २००२ साली जाहीर झाले. कर्ज काढून शहरात उपचाराला जाणाऱ्या कुटुंबापर्यंत असे निष्कर्ष मराठीतून पोहोचले पाहिजेत.

विदर्भाचा म्हणून जो खास प्रश्न आहे, तो सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा. मध्य भारतातील या आजाराच्या नोंदी नागपुरातून १९५८ सालीच प्रसिद्ध झाल्या होत्या. या आजारात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मांडीच्या हाडाच्या डोक्याला होणारा रक्तपुरवठा त्यामुळे तुटला, तर तेथील हाड मरते, पुढे खुबा खचतो आणि ऐन विशीतला मुलगा लंगडू लागतो. साध्या एक्स-रेवर हे उशिरा दिसते, एमआरआयवर लवकर दिसते, पण एमआरआय तालुक्याला नसतो. शिवाय मध्य भारतातील सिकलसेल जनुकीयदृष्ट्या आफ्रिकेतील प्रकारांहून वेगळा आहे आणि या रुग्णांत पेशींना विळ्याचा आकार येण्यास अडथळा करणारे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जास्त प्रमाणात टिकून राहते. असे असताना खुब्यावरील उपचारांचे निर्णय आपण बऱ्याच अंशी परदेशी रुग्णांवरील अभ्यासावरून घेतो. तेथील २००६ सालच्या एका चाचणीत केवळ फिजिओथेरपी घेणाऱ्यांची स्थिती तीन वर्षांनंतर, हाडाला छिद्र पाडण्याची शस्त्रक्रिया आणि फिजिओथेरपी असे दोन्ही मिळालेल्यांइतकीच होती. आपल्या मुलांच्या बाबतीतही हे खरे ठरले, तर ग्रामीण रुग्णालयात एक फिजिओथेरपिस्ट नेमून पुष्कळ साधता येईल. २०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात तपासणी मोठ्या प्रमाणावर होत आहे. त्या यादीतील प्रत्येक रुग्णाच्या खुब्याची नोंदही दरवर्षी व्हावी.

खेळातील दुखापतींचाही येथे उल्लेख केला पाहिजे. कबड्डीच्या मैदानावर गुडघ्याचा लिगामेंट (हाडांना जोडणारा पट्टा) तुटलेल्या मुलामुलींपैकी अनेकांचा गुडघा दहा-वीस वर्षांत झिजू लागतो, आणि ठरावीक पद्धतीने अंग मोकळे करून खेळल्यास अशा दुखापती कमी होतात, हे माहीत असूनही शाळांमधून ते शिकवले जात नाही.

हे सारे करण्यासाठी नवी संस्था उभारण्याची गरज नाही. २०२२ पासून एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमातच गावातील कुटुंबे दत्तक घ्यावी लागतात, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो. नागपूर, सेवाग्राम, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर आणि गोंदिया येथील वैद्यकीय महाविद्यालयांनी एकच प्रश्नावली ठरवून, त्याच कुटुंबांच्या सांध्यांची नोंद वर्षानुवर्षे ठेवली, तर दहा वर्षांत हाती येणारी माहिती देशात क्वचितच कोणाकडे असेल. मात्र सकाळी अकरा वाजता गावात गेलेल्या विद्यार्थ्याला घरी फक्त म्हातारी माणसे भेटतात, ज्यांचे गुडघे वावरात खर्ची पडत आहेत त्या बाया भेटत नाहीत. म्हणून या भेटी हंगामात, दिवेलागणीनंतर ठेवाव्यात, आणि सोबत येणाऱ्या आशाताईंना या कामाचा वेगळा मोबदला द्यावा.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सहायिका,
ता. घाटंजी, जि. यवतमाळ