आई तरंगली!

प्रिय सुमे,

आधी बातमी. आई पाण्यात उतरली! नुसती उतरली नाही, पाठीवर तरंगली. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर ‘अरे वा’ म्हणतील आणि विषय बदलतील. मामा बुडाला तेव्हा तू आमच्याच घरी होतीस, म्हणून हे तुलाच लिहायचं होतं. बाकी प्रकृती सगळ्यांच्या ठीक. यांचं बीपी गोळीवर आहे.

गुडघ्यांसाठी डॉक्टर आईला केव्हापासून सांगत होते, पाण्यात चाला. छातीइतक्या पाण्यात पायांवर वजनाचा साधारण तिसरा हिस्साच येतो. आई ऐकून घ्यायची आणि काठावर खुर्ची टाकून आमचे टॉवेल सांभाळत बसायची. शेवटी ऋचाने तिला उतरवलं. उथळ बाजूची दांडी आईने इतकी घट्ट धरली होती की बोटांची पेरं पांढरी पडली. ऋचा म्हणाली, “आजी, तोंड पाण्यात घाल आणि गुणगुण.” गुणगुणलं की हवा नाकातून बाहेर येत राहते, पाणी आत शिरत नाही. मग मानेखाली हात धरून, “आता छातीत हवा भर. कान बुडू देत. डोकं उचललंस की पाय खाली जाणार!” पोरगी दहा वर्षांची, पण दरडावणं अगदी तुझं. मी एका बाजूला, हे पायांशी. ऋचाने हळूच हात काढून घेतला, आईला कळलंसुद्धा नाही. हनुवटी वर, डोळे मिटलेले, चेहरा इतका निवांत की मी तसा कधी पाहिला नव्हता.

आता काळजीचं. ऋचाच्या सरांना ती स्पर्धेच्या बॅचमध्ये हवी आहे. खांदे बटरफ्लायचे आहेत म्हणतात. म्हणजे आठवड्यातले सहा दिवस पहाटे सराव आणि रविवारी बहुतेक स्पर्धा. रविवारी आम्ही चौघं पाण्यात असतो, सुमे. त्या तासाभरात कुणी कुणाला ‘अभ्यास झाला का’ विचारत नाही. तुझं ते ‘ब्रेस्टस्ट्रोक म्हणजे बेडकांचा खेळ’ मला अजूनही मान्य नाही. असेल पोहण्याच्या चार प्रकारांत सगळ्यांत संथ, पण डोकं वर ठेवून शेजारी शेजारी गप्पा मारत तोच पोहता येतो. तुझ्या फ्रीस्टाइलमध्ये तोंड पाण्यात, बोलणार कुणाशी?

पण पोरीला वेग आवडतो, हेही मी पाहतेय. भिंतीशी मुटका मारून वळते तेव्हा तिचा चेहरा फुललेला असतो. ते मला अडवायचं नाही. भीती वाटते ती स्टॉपवॉचची. तूच सांग, जिल्ह्याच्या त्या स्पर्धेनंतर टोपी कपाटात टाकलीस ती टाकलीसच. अर्ध्या सेकंदासाठी बाबा तुझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. तेव्हापासून समुद्रावर गेलो तरी तू घोट्यापर्यंतच भिजतेस. ऋचाचं तसं होऊ नये, एवढंच मला हवंय.

मुरलीकांत पेटकरांचं बघ. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि 1972 च्या हायडलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण मिळवलं. 1896 च्या अथेन्स ऑलिंपिकमधला हंगेरीचा आल्फ्रेड हायोश तेरा वर्षांचा असताना त्याचे वडील बुडाले, म्हणून तो नेटाने पोहायला शिकला. पुढे समुद्राच्या गार पाण्यात 100 आणि 1200 मीटर दोन्ही जिंकला. ऋचाने हे आजीला सांगितलं तेव्हा आई बराच वेळ गप्प होती. दोघांचंही पाण्याशी नातं आधी जुळलं, पदकं मागून आली. ऋचाचंही त्याच क्रमाने व्हावं असं मला वाटतं.

आणि एक. बॅचमध्ये गेली तरी काठावर मोठं माणूस लागेलच. ‘चांगली पोहते, आता बघायला नको’ हे मला पटत नाही. बुडणारा माणूस बहुतेक वेळा ओरडतच नाही, श्वास घ्यायलाच सवड नसते. मामाचं कुणाला कळलं होतं? आईने आपण होऊन सांगितलंय, मी बसेन. पण आता ती पोहायच्या पोशाखात बसणार आहे, स्वतः निवडून आणलाय, गडद निळा!

तुझ्या बदलीचं काय झालं? राहुलची दहावी कशी चाललीय? घराचं रंगकाम संपलं असेल तर फोटो पाठव.

सरांना बुधवारपर्यंत कळवायचंय. मी त्यांना विचारणार आहे, वर्षभर स्पर्धा नको, फक्त सराव, आणि रविवार आमचा, चालेल का? तुला त्या वयात असं कुणी विचारलं असतं तर तू टिकली असतीस का? खरं सांग, माझं मन राखू नकोस. त्याआधी फोन कर, रात्री नऊनंतर.

तुझी,
शुभा